गाडीला बाऊ

"डब्यात चार चिंचोके टाकून हलवल्यागत वाजतीया. अन् म्हणं नवी गाडी!"

हे बोलणं गाडीच्या पोटातून आलं. महिपतरावांचं डोकं आणि खांदे पुढच्या सीटखाली गेले होते, कंबर दारात अडकली होती आणि पाय अंगणातल्या फरशीवर होते. वैजयंती त्यांच्या पाठीवर वाकून बॅटरी धरून उभी होती, म्हणून ते पुटपुटणं तेवढं तिच्या कानावर पडलं.

"आमच्या झेडपीच्या जीपला हातोडा हाणला तर हातोडा वाजायचा, जीप न्हाई. हिला नुसतं 'कशी हायस' म्हणलं तरी पोचा पडतोय."

"मग म्हणू नका की," वैजयंती म्हणाली. "आधी आत काय हाय ते बघा."

महिपतरावांचा हात सीटखाली इकडून तिकडं फिरला, पुन्हा फिरला, जरा जास्तच वेळ फिरला. मग ते मागं सरकत बाहेर आले, गुडघे झटकले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "काय न्हाई तितं."

वैजयंतीनं बॅटरी विझवली. तिथं काही नाही हे तिला ठाऊकच होतं. जे होतं ते तिच्या पर्समध्ये होतं, रुमालात घट्ट गुंडाळलेलं.

गाडी गेल्या दसऱ्याला आली. मुलगा युवराज चिंचोळीच्या एमआयडीसीत सुपरवायझर झाला त्याच वर्षी. वांगी रंगाची, चकचकीत, तोंड बघावं अशी. घरात चादरींना तोटा नाही, म्हणून वैजयंतीनं पहिल्याच रात्री एक जुनी चादर प्रेमानं तिच्या अंगावर टाकली, तर युवराज सकाळी केवढ्यानं ओरडला! त्या खरबरीत चादरीनं म्हणे रंगावर रेघा उठतात. सोलापुरात राहून सोलापुरी चादर न चालणारी ही तिनं पाहिलेली पहिलीच वस्तू. मग एकेक नेम कळत गेले. कडुनिंबाखाली लावायची नाही, पाखरांची शीट रंग खाते. उन्हात लावायची नाही, रंग उडतो. साध्या फडक्यानं पुसायची नाही, त्यासाठी वेगळं पिवळं लुसलुशीत फडकं, तेही एकाच दिशेनं फिरवायचं. "त्यापरीस देव्हाऱ्यात बसवा हिला," असं वैजयंती एकदा म्हणालीही. त्यावर सगळे हसले होते. सून मोनाली तर सगळ्यांत जास्त.

तेव्हा मोनाली घरात होती. पाच वर्षांची पिंकीही होती.

पुढं ऐन उन्हाळ्यात एका संध्याकाळी पिंकीनं खडा घेतला आणि गाडीच्या मागच्या दारावर, डाव्या बाजूला, बसून निवांत रेघा ओढल्या. युवराज कामावरून दमून आलेला. त्यानं ते पाहिलं आणि पिंकीच्या थोबाडीत मारली. पोरगी लहान, मार अचानक बसलेला, ती पायरीवर आपटली आणि तिनं टाहो फोडला. आवाज ऐकून वैजयंती स्वयंपाकघरातून धावत आली आणि पदराचं टोक ओलं करून दार पुसायला लागली, रेघा जातात का बघायला. महिपतराव बॅटरी घेऊन आले आणि रेघा किती खोल गेल्यात ते बघायला लागले. मोनाली आतून आली. तिनं पिंकीला उचलून कडेवर घेतलं, दारात उभी राहून तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि एक शब्द न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती पोरीला घेऊन माहेरी अकलूजला गेली.

ती काही बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं असं वैजयंतीला फार वाटायचं. भांडणाला उत्तर देता येतं. त्या बघण्याला काय उत्तर द्यायचं?

घरात मग एक नवी भाषा सुरू झाली. शेजारणींनी विचारलं तर "सुट्टीला गेलीत." नातेवाइकांनी विचारलं तर "आईची तब्येत बरी नाही तिच्या." आणि घरातल्या घरात बोलायचं झालं तर नुसतं "तो चरा पडला तेव्हा." चरा पडला तेव्हापासून दूध कमी घेतो. चरा पडायच्या आधीचा गॅस आहे हा. जणू आभाळातून चरा पडला होता आणि त्यात बाकी कुणाचा हात नव्हता.

सून रुसून गेली की सासरच्या कुणीतरी आणायला जायचं असतं. हे काय कुणाला शिकवावं लागतं? सोबत काहीतरी गोडधोड न्यायचं, व्याह्यांकडं दोन घास खायचे, मुकाट्यानं चार शब्द ऐकून घ्यायचे आणि लेकराला उचलून गाडीत बसवायचं. पण महिपतरावांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आपल्या पायानं गेलीया, आपल्या पायानं यील." युवराज म्हणाला, "तिचा राग उतरू दे." आणि वैजयंती पुरुष माणसं काय ठरवतात त्याची वाट बघत बसली. नवरा बोलायचा तेव्हा मुलाकडं बघायची, मुलगा बोलायचा तेव्हा नवऱ्याकडं.

मोनाली फोन उचलायची. "थांबा, पिंकीला देते," एवढंच म्हणायची. पिंकी रोज युवराजला एकच विचारायची, "पप्पा, गाडीचा बाऊ बरा झाला?"

"होतोय बेटा."

"फुंकर घाला. मग होतो."

फोन ठेवला की युवराज अंगणात जायचा आणि पिवळं फडकं घेऊन सगळी गाडी पुसायचा. ते एक दार सोडून.

आणि मग गाडी वाजायला लागली. मोनाली गेल्यानंतरच्याच आठवड्यात. टिक. टिकटिक. मध्येच थांबायची, वळणावर पुन्हा टिकटिक. सर्व्हिसिंगवाल्यांनी दोनदा खोलून बघितलं आणि सांगितलं, "काका, आजकालच्या गाड्यांत सगळं प्लास्टिक असतं, क्लिपा ढिल्या होतात, थोडं वाजणारच. गाणी लावा, म्हणजे ऐकू येणार नाही." महिपतरावांना हे औषध पटलं नाही. तीस वर्षं झेडपीची जीप चालवलेला माणूस तो. ते म्हणाले, "गावात फिरवून कळत न्हाई. लांब पल्ल्याला न्हेली पायजे. एका वेगात चालली की आवाज आपसूक सापडतो."

तेव्हापासून दर रविवारी तिघं आवाज शोधायला निघायचे. आता सोलापुरातून बाहेर पडायला रस्ते काय एक आहेत का? हैदराबादचा आहे, विजापूरचा आहे. आवाजच शोधायचा तर अक्कलकोटकडं अशा वाटा आहेत की गाडीतलं सगळं आपोआप खाली पडेल. पण गाडी कायम पुण्याच्या रस्त्याला लागायची. बाळे, मोहोळ, शेटफळ करत टेंभुर्णीपर्यंत जायची. टेंभुर्णीला अकलूजचा रस्ता फुटतो. तिथं अलीकडच्या हॉटेलात ते चहा प्यायचे, त्या रस्त्याच्या पाटीकडं पाठ करून बसायचे, आणि गाडी वळवून घरी यायचे.

वैजयंती दर शनिवारी शेंगापोळ्या करायची. "वाटेत खायला," म्हणायची. तीन माणसांना वाटेत खायला एवढा मोठा डबा कशाला, हे तिला कुणी विचारलं नाही. पिंकीला शेंगापोळी तुपाबरोबर लागते, म्हणून तुपाची छोटी बरणीही असायची. रविवारी संध्याकाळी डबा जवळजवळ तसाच परत यायचा आणि सोमवारी शेजारी वाटला जायचा. शेजारीण म्हणायची, "वैजयंतीताई, तुमच्याकडं दर आठवड्याला काय सण असतो का?"

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी टेंभुर्णीला उतरताना वैजयंतीची चप्पल सीटखाली गेली. ती काढायला हात घातला तर हाताला एक डबी लागली. बोटाच्या पेराएवढी, पितळेची, झाकणाची. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या पिंकीच्या भातुकलीतली. आत तीन चिंचोके. पिंकीची आमटी. हा आवाज! एवढ्याशा आमटीसाठी सर्व्हिसिंगवाल्यांनी दोन दारं उसवली होती.

तिनं ती डबी दाखवायला हात वर केला. तेवढ्यात महिपतराव बाहेरून युवराजला सांगताना ऐकू आले, "फुडच्या रईवारी जरा लवकर निगू. शेटफळच्या फुडं आवाज वाढतोय." आणि युवराज म्हणाला, "हो अप्पा." मोनाली गेल्यापासून बापलेकांत एवढंच काय ते बोलणं व्हायचं, या गाडीत, या आवाजावर. घरी तर दोघं ताटावरसुद्धा बोलत नव्हते. आवाज सापडला, तर पुढच्या रविवारी निघायचं कशाला?

वैजयंतीनं हात खाली घेतला आणि डबी जिथं होती तिथं सरकवून ठेवली.

तशी ती राहिलीही असती. पण काल शनिवारी मोनालीचा फोन आला. या वेळी तिनं पिंकीला दिला नाही, स्वतः बोलली. शांतपणे म्हणाली, "आई, शाळा सुरू होतील आता. परवा सोमवारी पिंकीचं नाव इथल्या शाळेत घालते. यांना सांगा." आणि थोडं थांबली. वैजयंतीला कळलं की ती कशासाठी थांबली आहे. तिला "अगं, थांब" म्हणायचं होतं, "आम्ही येतोय" म्हणायचं होतं. तिच्या तोंडून निघालं, "बरं. सांगते."

तिनं सांगितलं. युवराजनं ताट सरकवलं. महिपतराव म्हणाले, "घालू द्या," आणि पाणी प्यायला उठले ते बराच वेळ माठापाशीच उभे राहिले.

नंतर कुणी नसताना वैजयंती गाडीत जाऊन बसली आणि ती डबी काढून घेतली. हातात धरून बसावंसं वाटलं, बस्स. सकाळी परत ठेवायला गेली तर आधी युवराज फडकं घेऊन आत, मग महिपतराव सीटखाली. डबी पर्समध्येच राहिली. आज गाडी वाजणार नव्हती. आज शेवटचा रविवार, आणि आजच गाडी मुकी.

निघताना गल्लीच्या तोंडाशी बडेसाब उभे होते, हातात कलिंगड. महिपतरावांचे जुने दोस्त, आयुष्यभर गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलेले; आता दुकान मुलगा आवेज बघतो. त्यांना टेंभुर्णीला लेकीकडं, शमशादकडं जायचं होतं.

"तिकडंच चाललाय न्हवं? घ्या मला," म्हणत ते वैजयंतीशेजारी मागच्या सीटवर बसले. "वैनी, कलिंगड पायात ठेवतो. भाड्याचं समजा."

"मंग परत न्हेऊ नका उतरताना," वैजयंती म्हणाली.

बाळ्याचा पूल आला. गाडी तुपासारखी चालली होती. वैजयंती श्वास धरून बसली होती. आता महिपतराव म्हणणार, गेला की गं आवाज. मग युवराज म्हणणार, चला, बरं झालं, वळवू का?

महिपतरावांनी मान तिरकी केली. "ऐकलं का? सुरू झाली बघ."

वैजयंतीनं दचकून पर्स चाचपली. डबी रुमालात गपगार होती.

"हो अप्पा," युवराज म्हणाला. "आज जरा जास्तच आहे."

"उजव्या अंगाला."

"मला डाव्या अंगाला वाटतोय."

"मंग दोनी अंगाला आसंल. लांबवर न्हेल्याबिगर कळायचं न्हाई."

वैजयंती आळीपाळीनं त्या दोन मानांकडं बघत राहिली. एक पिकलेली, टोपीखालची. एक अजून काळी, इस्त्रीच्या कॉलरमधली. दोन्ही ताठ. सकाळी महिपतराव नेमके 'चिंचोके' म्हणाले होते ते तिला आता आठवलं. शेंगदाणे नाही, खडे नाही, चिंचोके. तिला हसू यायला लागलं आणि तिनं पदर तोंडाशी धरला.

"कसला आवाज?" बडेसाब म्हणाले.

महिपतराव खिडकीबाहेर बघायला लागले.

"अरे, कसला आवाज म्हणतोय मी? मेरेकू तो कुछ नै आ रा." त्यांनी कान दाराला लावला, मग छताला. "माखन के माफिक चल री गाडी."

"तुमचं कान गेलंत आता, बडेसाबभाई," वैजयंती म्हणाली. "मला येतोय ऐकू."

पुढच्या दोन्ही माना एकदम किंचित मागं वळल्या आणि परत सरळ झाल्या.

मोहोळ गेलं. उसाच्या पट्ट्यावरून गरम वारं काचेवर आपटत होतं. बडेसाबांनी आवाजाचा नाद सोडला आणि रंगावर आले. "ह्या आजकालच्या गाड्यांना रंग न्हाई रे महिपती, पावडर लावत्यात. नवरीला लावल्यागत. मांडवात बरी दिसती, घाम आला की उतरली. आपल्या टायमाला सात-सात हात मारायचो. खिळ्यानं नाव कोरलं तरी खाली पत्रा दिसायचा न्हाई."

"जाड असायचं सगळं तवा," महिपतराव म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मानसं बी."

टेंभुर्णीला नेहमीच्या हॉटेलापाशी गाडी थांबली. बडेसाब डाव्या बाजूनं उतरले, कलिंगड बाहेर घेतलं, वैजयंतीकडं बघून हसले आणि परत आत ठेवलं. दार लावता लावता त्यांचा हात त्या रेघांवर पडला.

"अरे! एवढा चरा पडलाय अन् तसाच ठेवलाय? आवेजकडं पाठव, दहा मिनटाचं काम."

"राहू दे," महिपतराव म्हणाले.

"नको चाचा," युवराज म्हणाला. दोघांचं एकदमच निघालं.

बडेसाबांनी चष्मा लावला, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "ये चरा कां है? ये तो चित्तर है. थांबा थांबा. ही गाडी हाय. ही चाकं. हा मिशीवाला गाडी चालवतोय."

युवराजचा हात नकळत मिशीकडं गेला.

"ही टोपी तुझी, महिपती. ही लांब वेणी सूनबाईची. अन् हा मागं केवढा मोठा आंबाडा! वैनी, हे तुमी. अन् ही कोण, छत फाडून डोकं वर काढलंय हिनं?"

वैजयंती उतरून बाजूला येऊन उभी राहिली होती. दर आठवड्याला हे दार तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं. तिनं ते पदरानं पुसलंही होतं. पण चष्म्याविना, घाईघाईत. तिला कायम ओरखडे दिसले होते, कुठं खोल, कुठं उथळ. आता तिला तिचा आंबाडा दिसला. तो काढताना पोरीनं खडा गोल गोल फिरवला होता, पुन्हा पुन्हा, जीव लावून. म्हणून तिथला रंग सगळ्यांत जास्त गेला होता.

"सगळं घर बसवलंय गाडीत," बडेसाब कौतुकानं म्हणाले. "पोरगी हुशार हाय हां तुमची. हाय कुठं ती?"

"सुट्टीला गेलीया," महिपतराव म्हणाले.

बडेसाबांनी तिघांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं. "चलतो," म्हणाले, आणि शमशादच्या गल्लीकडं निघाले. थोडं जाऊन वळले, हात वर केला, आणि पुन्हा चालू लागले.

आज चहाला कुणी गेलं नाही. तिघं परत गाडीत बसले. शेंगापोळ्यांचा डबा वैजयंतीच्या मांडीवर होता आणि पायाशी कलिंगड. युवराजनं गाडी सुरू केली, नेहमीसारखी हळूहळू चौकापर्यंत आणली आणि नेहमीसारखाच सोलापूरच्या बाजूला वळायचा इंडिकेटर लावला. समोर अकलूजची पाटी. टक, टक, टक, इंडिकेटर बोलत राहिला. वळायला मोकळा रस्ता होता, पण गाडी वळत नव्हती.

वैजयंतीनं पर्स उघडली. रुमाल सोडला. डबी काढून पुढं हात लांब केला आणि दोघांच्या मधोमध, कानापाशी हलवली. टिकटिक. टिकटिक.

महिपतराव गर्रकन वळले. "तुज्याकडं हाय व्हय ती! अन् मी सकाळपासनं सीटखाली मुंडकं घालून मरतोय!"

"म्हणजे तुमाला म्हाईत हुतं?"

"मला काय कान न्हाईत? पैल्याच महिन्यात घावली मला. ठिवली परत."

"मी दर शनिवारी गाडी आतून पुसताना काढतो आणि पुसून झाली की ठेवतो," युवराज म्हणाला. "एकदा झाकण निघालं होतं. एक चिंचोका हरवला. मी दुसरा आणून टाकला."

"मंग आज बाळ्याच्या पुलावर काय ऐकू आलं तुमा दोघांना?"

"अन् तुला काय ऐकू आलं?" महिपतराव म्हणाले. "बडेसाबाला बहिरं केलंस तू फुकट!"

आधी वैजयंती हसली. मग युवराज. मग महिपतरावांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. दोन महिन्यांत त्या गाडीत असं हसू झालं नव्हतं. ते बराच वेळ चाललं आणि मग आपोआप विरलं. महिपतरावांनी टोपी तोंडावरून खाली घेतली नाही.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. युवराजनं गाडी कडेला घेतली. इंडिकेटर बंद केला. आता खरोखरच कसला आवाज नव्हता. त्यानं आईच्या हातातून डबी घेतली, समोर काचेपाशी ठेवली आणि डबीकडं बघतच बोलला. आवाज इतका लहान की पुढं वाकलेल्या वैजयंतीलाच तो नीट ऐकू आला, आणि टोपीआडच्या त्या माणसाला.

"त्या दिवशी पिंकी पायरीवर पडून रडत होती, अप्पा. आणि आपण तिघंही गाडीकडं बघत होतो."